जिनेटच्या कानाशी

सुलेखा दाणी नागपूरहून ईडन प्रेरीला आली ती ऐन जानेवारीत. नवरा गुरुनाथ आधीच येऊन राहिला होता. हृदयात बसवायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली होती. पहिल्याच आठवड्यात तो तिला लायसन्सच्या ऑफिसात घेऊन गेला. कडेवर छोटी नीना, अंगात गुरुनाथचा जुना कोट, बुटांत वितळलेला बर्फ, असं सगळं सांभाळत ती रांगेत उभी होती. समोर मिनेसोटाचा निळा झेंडा लावलेला होता. झेंड्यावरच्या चित्रात एक लाल फीत, फितीवर बारीक अक्षरं. सुलेखानं ती वाचली आणि तिच्या तोंडून आपसूक मोठ्यानं निघालं, "लेत्वाल द्यू नॉर."

"काय?" गुरुनाथ दचकला.

"उत्तरेचा तारा. फ्रेंच आहे ते."

खिडकीपलीकडची बाई म्हणाली, इतकी वर्षं मी या झेंड्याखाली बसते, पण हे वाचून दाखवणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. मग तिनं कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. त्या लायसन्सवरच्या फोटोत सुलेखा चक्क हसते आहे.

सुलेखाला फ्रेंच आलं ते नागपूरच्या सदर भागातल्या एका व्हरांड्यात. पाँडिचेरीची एक तमिळ बाई लग्न होऊन नागपुरात आली होती. नवरा रेल्वेत अधिकारी. सगळे तिला मादाम म्हणत. मादाम कडक इस्त्रीची कॉटन साडी नेसून वेताच्या खुर्चीत बसायची आणि मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून, पाचसहा मुलींना क्रियापदं म्हणायला लावायची. बाहेर डांबर वितळत असायचं आणि आत मुली एका सुरात 'मी गेले असते, तू गेली असतीस' असं फ्रेंचमधून म्हणत बसायच्या. सुलेखा त्यात रमली. पुढे एका कॉलेजात तिनं दोनतीन वर्षं फ्रेंच शिकवलंही. लग्न झालं, नीना झाली, अमेरिका आली आणि ते फ्रेंच अंगाला न बसणाऱ्या पोलक्यासारखं तळाशी गेलं.

खरं तर मिनेसोटाभर फ्रेंच नावं सांडलेली होती. कधीकाळी फ्रान्समधून आलेले शिकारी आणि पाद्री तळ्यांना, रस्त्यांना आपली नावं देऊन गेले होते. त्यांचे उच्चार मात्र लोकांनी कधीच बदलून टाकले होते. तिच्या गावाच्या नावातलं 'प्रेरी'सुद्धा मुळात फ्रेंच, म्हणजे कुरण. हे तिनं एकदा महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला कुणाला तरी सांगितलं, तर त्या काकू म्हणाल्या, "हो का? बरं, तिळगूळ घ्या."

नीना शाळेत जायला लागल्यावर सुलेखानं एका डेकेअरमध्ये नोकरी धरली. तिच्याकडे अगदी तान्ह्यांची खोली होती. दुपारी पडदे ओढले की ती एकेका बाळाला थोपटत बसायची, आणि तिथे, जिथे उलट बोलणारं कुणी नव्हतं, तिचं फ्रेंच हळूच बाहेर यायचं. आधी मादामनं शिकवलेली अंगाई, मग क्रियापदं, मग मनाला येईल ते. खिडकीबाहेर बर्फ पडतो आहे, आज गुरुनाथ डबा विसरला, माझ्या आईची तब्येत बरी नाही. ईडन प्रेरीतली कितीतरी पोरं अशी फ्रेंच ऐकत झोपी गेली. आता ती मोठी होऊन कुठेकुठे नोकऱ्या करत असतील. त्यांना काय, त्यांच्या आयांनाही याचा पत्ता नाही.

पॅरिसला जायचं ठरायचं आणि राहायचं. नागपूरला जाताना विमान ॲमस्टरडॅमला बदलायचं. तिथून पॅरिस हाकेच्या अंतरावर. पण दर वेळी कुणाचं तरी लग्न असायचं, नाहीतर कुणाचं तरी दुखणं. सुलेखा विमानतळाच्या काचेला नाक लावून दक्षिणेकडे बघायची, आणि गुरुनाथ म्हणायचा, "गेट आलं गं, चल."

अशी ती साठी ओलांडून गेली. डेकेअर सुटलं. नीनाचं लग्न पुण्याच्या सिद्धेशशी झालेलं होतं आणि त्यांची मुलगी अनिका आठवीत गेली होती. त्या उन्हाळ्यात सिद्धेशनं कॅनडातल्या, फ्रेंच बोलणाऱ्या मॉन्ट्रियलची ट्रिप काढली. "आई, तुम्ही आणि बाबा चलाच. युरोपचा फील येतो म्हणतात, आणि जेट लॅग नाही." गुरुनाथचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तो घरी राहिला. सुलेखा मात्र चटकन हो म्हणाली. इतकी चटकन, की नीनानं वळून बघितलं.

विमानात सुलेखा मनाशी वाक्यं जुळवत होती. चाळीस वर्षं वाट पाहिलेल्या पाहुण्याला दार उघडताना पदर सारखा करावा तशी ती क्रियापदं सारखी करत होती.

ऑगस्टचा पहिला आठवडा. शहर उन्हात मुरलेलं. घरांच्या बाहेरच्या बाजूनं वळत वर चढणारे लोखंडी जिने, जिन्यांवर कुंड्या, कुंड्यांमागे पाय पसरून बसलेली माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मोठ्या भाजीबाजारात गेले. स्ट्रॉबेरीचे ढीग, तुळशीच्या जुड्या, चीजचा वास. सुलेखा एका ठेल्यापुढे थांबली. ठेलेवाला तांबडा, धिप्पाड गडी होता. तिनं श्वास घेतला आणि मादामच्या थाटात, चालीवर म्हटल्यासारखं म्हणाली, "नमस्कार महाशय, आज काय चांगलं आहे?"

तो खूश होऊन भडाभडा बोलायला लागला आणि सुलेखाच्या पायाखालची जमीन सरकली. एक शब्द कळेना. स्वर भलतीकडेच लांबवलेले, अर्धी अक्षरं गिळलेली. तिच्या हाती एवढंच लागलं: "ब्ले दँद". म्हणजे भारतातला गहू? हा आपल्या देशाविषयी विचारतो आहे, असं वाटून ती घाईघाईनं म्हणाली, "हो हो, मी भारतातलीच!"

ठेलेवाला खदखदून हसला. वाईट नव्हता तो, पण हसला, आणि हिरव्या सालातलं एक कणीस उचलून सरळ इंग्रजीत म्हणाला, "कॉर्न, मॅडम. खूप गोड आहे."

सुलेखानं कणसं घेतली. पैसे दिले. मागून नीना येत होती, तिनं काही ऐकलं नव्हतं. "आई, कॉर्न कशाला? हॉटेलमध्ये कुठे उकडणार?" सुलेखानं कणसं पिशवीत टाकली. त्या दिवशी त्यांनी निळ्या छताचं जुनं चर्च बघितलं, बंदर बघितलं, फरसबंदी गल्ल्यांतून फिरले. सगळीकडे पाट्या होत्या आणि त्या सगळ्या सुलेखाला कळत होत्या. पण माणसं बोलायला लागली की जणू कुणी पाण्याखालून बोलतंय. तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. नागपूरच्या त्या व्हरांड्यात आपण काय शिकलो मग, असं तिला वाटत राहिलं. की मादामनं आपल्याला एका अशा देशाची भाषा शिकवली, जो कुठे नाहीच?

रविवारी दुपारी ते शहरामधल्या डोंगरावर गेले. उन्हाळ्यात तिथे दर रविवारी पायथ्याशी एका मोठ्या पुतळ्याजवळ लोक जमतात आणि ढोल वाजवतात. कुणी बोलावत नाही, कुणी तिकीट लावत नाही. ज्याला वाटेल तो आपलं वाद्य घेऊन येतो: आफ्रिकेचे ढोल, क्युबाचे ढोल, कुणी प्लास्टिकची बादली उलटी घालून. भोवती हिरवळीवर शेकडो माणसं पसरलेली. कुणी नाचतंय, कुणी झोपलंय, कुणी साबणाचे फुगे सोडतंय आणि ते फुगे ठेक्यावर तरंगत झाडांत शिरताहेत.

नीना, सिद्धेश आणि अनिका वरच्या टोकावरून शहर बघायला गेले. "मी इथेच बसते," सुलेखा म्हणाली. सावली शोधत ती एका मेपलखाली आली. तिथे घडीच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. डोक्यावर गवती हॅट, चपला काढून ठेवलेल्या आणि अनवाणी पावलं गवतावर सपाट टेकवलेली. सुलेखा जरा अंतर ठेवून बसली. म्हातारी तिच्याकडे वळली आणि खड्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "चपला काढ. पायांनी जास्त चांगलं ऐकू येतं."

सुलेखाला कळलं! सगळं वाक्य कळलं. तिनं चपला काढल्या. खरंच, जमिनीतून ठेका येत होता. टाचेतून आत शिरून पोटरीत घुमत होता.

म्हातारीचं नाव जिनेट. ती जवळजवळ बहिरी होती. कानात यंत्र होतं, पण गर्दीत त्यातून नुसता समुद्र ऐकू येतो, असं ती म्हणाली. ऐकू येत नसल्यामुळे ती स्वतः मोठ्यानं आणि संथ बोलायची, आणि समोरच्यानंही तसंच बोलावं लागायचं. बहिऱ्या माणसाशी बोलताना लाज धरून चालत नाही. पुटपुटलेलं, कचरतं फ्रेंच तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. सुलेखानं पहिलं वाक्य म्हटलं तेव्हा जिनेटनं कानामागे तळवा धरला. "मोठ्यानं!" सुलेखा आणखी मोठ्यानं बोलली. "अजून!" शेवटी सुलेखा ढोलांच्या वरताण ओरडून म्हणाली, "माझं नाव सुलेखा! मी मिनेसोटाहून आले! मी तुमचं फ्रेंच समजू शकत नाही!"

"कुणालाच समजत नाही," जिनेट म्हणाली. "आणि मला तुम्ही म्हणू नकोस. मी काय सरकार आहे?"

मग सुलेखानं तिला बाजारातल्या कणसाची गोष्ट सांगितली. जिनेट इतकी हसली की हॅट खाली पडली. "अगं, आमचे पूर्वज बोटीतून इथे उतरले तेव्हा त्यांना वाटलं हाच हिंदुस्थान. मका दिसला, त्याला म्हणाले हिंदुस्थानचा गहू. आम्ही अजून तसंच म्हणतो." तिनं सुलेखाचा हात थोपटला. "म्हणजे बघ, आम्ही तुझ्याकडेच यायला निघालो होतो. वाट चुकलो."

सुलेखा बोलत सुटली. नागपूरच्या उन्हाबद्दल, मादामबद्दल, वाळ्याच्या वासाबद्दल, पडदे ओढलेल्या खोलीतल्या बाळांबद्दल. शब्द आठवावे लागत नव्हते. कुठल्यातरी तळ्याच्या बुडाशी बसलेले, ढोलानं पाणी हललं तसे एकेक वर येत होते. पर्समध्ये फोन थरथरत होता. पण तिथे तर सगळी जमीनच थरथरत होती.

नीना तिला शोधत शोधत घामेजून आली. "आई! किती कॉल केले! I was so scared, यार!" आणि मग ती जागीच थबकली. कारण तिची आई अनवाणी, पाय पसरून, हातवारे करत, भर मैदानात कुणावर तरी फ्रेंचमधून ओरडत होती आणि हसत होती.

अनिका डोळे विस्फारून म्हणाली, "आजी, you speak French? Since when?"

"तुझ्या आईच्या आधीपासून," सुलेखा म्हणाली.

नीनाला अंधूक माहीत होतं की आई कधीतरी फ्रेंच शिकवायची. पण माहीत असणं वेगळं. परतीच्या विमानात ती आईचा हात धरून बसून होती.

निघताना जिनेट म्हणाली होती, "माझ्या घरी वरची खोली रिकामी आहे. बाहेरचा जिना आता मला चढवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ये. ढोल ऐकू." लोक असं बोलतातच. सुलेखानं मात्र हिवाळाभर ते मनात धरून ठेवलं. दर रविवारी दोघी व्हिडिओवर बोलत, म्हणजे ओरडत. गुरुनाथ शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मग हळूच कमी करायचा. एप्रिलमध्ये, बाहेर बर्फ अजून लोंबत असताना, ती म्हणाली, "मी जूनअखेर जाऊ का? महिनाभर?"

"जा ना," गुरुनाथ म्हणाला. "मी काय कुकर लावू शकत नाही काय?"

नीनानं मात्र डोक्याला हात लावला. "आई, alone? अनोळखी बाईच्या घरी? निदान हॉटेल तरी बुक करू." पण अनिका म्हणाली, "Mom, let her go," आणि गुरुनाथ तोवर बॅगेचं चाक दुरुस्त करायला बसला होता.

त्या महिन्याबद्दल सुलेखा सांगते ते ऐकावं. सकाळी लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर चहा. समोरच्या जिन्यावर कुणीतरी पावाचा तुकडा दाखवून 'बोंजूर' म्हणायचं. चांगल्या हवेत दुपारी जॅझचा उत्सव. रस्ते बंद करून मंच उभारलेले, वाहनांऐवजी माणसंच वाहताहेत, एका कोपऱ्यावरचं सॅक्सोफोन संपतं न संपतं तोच पुढच्या कोपऱ्यावरचं सुरू होतंय. जिनेट मंचाच्या लाकडी कडेला तळहात लावून उभी राहायची. "आता कोण वाजवतंय?" सुलेखा तिच्या कानाशी सांगायची, "एक मुलगी. लाल बूट. डोळे मिटून वाजवते आहे." जिनेट डोळे मिटायची.

एका संध्याकाळी त्या बागेतल्या नाटकाला गेल्या. उन्हाळ्यात तिथे बागाबागांतून फुकट नाटकं होतात. लोक चादरी, टोपल्या घेऊन येतात. नऊ वाजत आले तरी उजेड असतो. नाटकात एक कंजूष बाप होता, दोन मुली आणि एक खरीखुरी बकरी. जिनेटला ऐकू येईना, म्हणून सुलेखानं तिच्या कानाशी सांगायला सुरुवात केली. पण सुलेखाला तरी कुठे सगळं कळत होतं? नट अस्सल गावरान बोलत होते. जिथे कळेना तिथे ती बनवून सांगायला लागली. धाकटीचं प्रेम कुणावर आहे ते बकरीला ठाऊक आहे. बाप मुळात वाईट नाही, त्याला थंडीची भीती वाटते. मागून कुणीतरी 'श्शऽऽ' केलं. थोड्या वेळानं ती 'श्शऽऽ' थांबली. सुलेखानं वळून पाहिलं तर मागच्या चादरीवरची माणसं पुढे झुकून तिचंच ऐकत होती.

नाटक संपल्यावर जिनेट म्हणाली, "अर्धं तू खोटं सांगितलंस."

"तुला कसं कळलं?"

"तो बाप ढसाढसा रडत होता आणि तू म्हणालीस, तो सगळ्यांना जेवायला बोलावतोय."

सुलेखाचा चेहरा पडला. जिनेट चालता चालता थांबली. "माझा नवरा होता तोवर मला सगळं खरं खरं सांगायचा," ती म्हणाली. "शब्द न् शब्द. मला झोप यायची." आणि तिनं सुलेखाच्या हातात हात अडकवला. "उद्या दुसऱ्या बागेत आहे. जाऊ."

आता तिसरा उन्हाळा. त्यांची बागांची नाटकं कधी चुकत नाहीत. काही लोक ओळखायला लागले आहेत. मुद्दाम त्यांच्या मागे चादर टाकतात. सुलेखाला आता जवळजवळ सगळं कळतं. तरी ती मधूनच बनवून सांगते, आणि कुठे बनवलं ते जिनेट ओळखते. कधीकधी चुकतेही. भाजीबाजारातल्या तांबड्या गड्याला आता सुलेखाच "ब्ले दँद कसं दिलंस?" म्हणून विचारते, तेही अक्षरं गिळून.

यंदा शेवटच्या आठवड्यात गुरुनाथ आला. दोन्ही गुडघे नवे, डोक्यावर अनिकानं दिलेली टोपी. सुलेखानं त्याला शहर दाखवलं. चर्चचं निळं छत बघून तो बराच वेळ मान वर करून उभा होता. "आपल्याकडे असं छत असतं तर मी रोज देवळात गेलो असतो." चीज आणि रस्सा घातलेले तळलेले बटाटे त्यानं नाक मुरडून चाखले आणि मग दोन वाट्या खाल्ल्या. भुयारी रेल्वेत, रस्त्यात, दुकानात सुलेखा बोलायची आणि तो शेजारी उभा राहून ऐकायचा. एकदा तिनं विचारलं, "काय बघून राहिलास?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुझा आवाज इकडे वेगळाच लागतो. कॉलेजातल्या पोरींना मजा येत असेल." त्यानं टोपी सारखी केली. "आपण पॅरिसला जायला हवं होतं गं. तेव्हाच."

"तिथे जिनेट नाही," सुलेखा म्हणाली. त्यावर तो हसला, पण तिनं पाहिलं, त्याचे डोळे जरा भरले होते.

निघायच्या आदल्या दिवशी तिघं नदीतल्या फेरीबोटीत बसले. पलीकडच्या काठावर जायचं आणि परत यायचं, एवढंच. ऊन कललेलं, सेंट लॉरेन्सचं पाणी तांब्याच्या पत्र्यासारखं. शहर मागे सरकत होतं: घुमट, पूल, डोंगराची निळी पाठ. जिनेट आणि गुरुनाथ कठड्याशी शेजारी शेजारी उभे होते. गुरुनाथला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता आणि इंजिनाच्या आवाजात जिनेटला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यामुळे दोघांना एकमेकांचा संकोच नव्हता.

"आमच्या नागपूरला अंबाझरी तलाव आहे," गुरुनाथ मोठ्यानं, सुटं सुटं, शुद्ध मराठीत तिला सांगत होता. "लहानपणी मी तिथे पोहायला शिकलो. बापानं पाण्यात ढकलून दिलं होतं!"

जिनेट पाण्याकडे बोट दाखवून फ्रेंचमधून म्हणाली, "हिवाळ्यात हे सगळं गोठतं. माझा भाऊ लहानपणी इथून चालत पलीकडे गेला होता. आईनं बडवला त्याला."

"हो ना," गुरुनाथ म्हणाला.

"आणि नाही तर काय," जिनेट म्हणाली.

गुरुनाथनं वळून सुलेखाकडे पाहिलं. "काय म्हणते ती?"

सुलेखा बाकावर मागे रेलून बसली होती, चपला काढून. बोटीच्या इंजिनाची धडधड फळ्यांतून तिच्या तळव्यांत येत होती. तिनं हसून नुसती हातानं खूण केली, चालू दे. गुरुनाथ पुन्हा जिनेटकडे वळला आणि तलावाचं पुढचं सांगायला लागला. जिनेट मान डोलवत होती. वाऱ्यानं तिची हॅट उडायला आली तेव्हा बोलता बोलताच त्यानं ती एका हातानं दाबून धरली, आणि बोट काठाला लागेपर्यंत तशीच धरून ठेवली.